लाल स्टिकरचा ओव्हन

"वहिनी, शेवटचं विचारते. माझी फाइल कुठे आहे?"

"आणि मीही शेवटचं सांगते, कांचन! कपाटात नाही, म्हणजे मी तुला ती परत दिलेलीच असणार!"

"दिलेली नाही!"

"दिली म्हणते ना मी!"

दुपारचे बारा वाजत होते आणि हॉलमध्ये भांडण असं काही जुंपलं होतं, की अनुया हातातलं चादरींचं गाठोडं घेऊन दारातच थबकली. आत जावं की मागच्या मागे सटकावं, तिला कळेना. आई कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर कांचनमावशी, नात्याची नव्हे पण घरच्यासारखी, अंगावर वृद्धाश्रमातल्या कामाचा निळा डगला, डोळे लालबुंद. तिच्यामागे तिचा मुलगा नितीश. वय वर्षं तेरा, नाकाच्या शेंड्यावर राग! अनुयापेक्षा एका वर्षाने मोठा, पण आव असा की दहा वर्षांनी मोठा असावा.

आणि या सगळ्यांच्या भोवती पसारा. काय विचारता! ऑगस्टच्या सुट्टीत भारतात पावसाची झड असते, इथे न्यूझीलंडमध्ये थंडी सरत आलेली असते. पहिल्या सप्टेंबरला वसंत सुरू, अगदी कॅलेंडर बघून! त्याआधी इथली माणसं घरं उपसायला घेतात. हॅमिल्टनच्या कौन्सिलने पत्रपेटीत कागद टाकला होता, की नको असलेलं मोठं सामान या आठवड्यात घरापुढच्या गवतावर काढून ठेवा, आमचा ट्रक येऊन उचलून नेईल. झालं! अनुयाच्या बाबांच्या अंगात आलं.

बाबा, म्हणजे डॉक्टर गुरुनाथ, हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. "आमच्या थिएटरात कापसाचा एक बोळा हरवत नाही, आणि आपल्या घरात चमचे हरवतात!" असं म्हणून त्यांनी रंगीत स्टिकर आणले. हिरवा म्हणजे ठेवायचं, पिवळा म्हणजे देऊन टाकायचं, लाल म्हणजे फेकायचं. रविवारी एका दुपारात त्यांनी घरभर स्टिकर चिकटवले आणि सोमवारपासून हॉस्पिटलात गडप झाले. निस्तरायला आई, अनुया आणि नऊ वर्षांचा धाकटा धैर्यशील!

"वहिनी, अहो आज तीनला मुलाखत आहे माझी," कांचनमावशीचा आवाज आता चिरकला. "नर्सिंगच्या नोंदणीच्या बाई वेलिंग्टनहून आल्यात, आजचा एकच दिवस. मूळ सर्टिफिकिटं बघितल्याशिवाय त्या नाव घालत नाहीत. मिरजेला बारा वर्षं वॉर्ड सांभाळला मी. इथे तीन वर्षं म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलतेय. माझ्या फ्लॅटला ओल आहे, कागदांना बुरशी येईल, म्हणून तुमच्याकडे विश्वासाने ठेवली होती फाइल!"

अनुयाला वाईट वाटलं. मावशी कधी अशी बोलत नसे.

आईलाही वाईट वाटलं असणार. पण आपली चूक असेल अशी शंका आली, की काही मोठी माणसं आणखी जोरात भांडतात. आई त्यातली!

"मग घरात शोध जरा," आई फणकारली. "शनिवारी इथे कपाटापाशी कोण घुटमळत होतं? तुझा नितीश! त्यानेच हलवली असेल कुठेतरी. वर्गातही मारामाऱ्या करतो म्हणे. काय भरवसा!"

नितीशचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"तुम्हीच सांगितलं होतं, ब्लँकेटं काढ म्हणून!" तो ओरडला. "मी मदत करायला आलो होतो काकू! चोरी करायला नाही!"

"नितीश, गप्प," कांचनमावशी म्हणाली. तिने आईकडे एकदाच बघितलं. ते बघणं अनुयाला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं. "मी हॉस्पिटलात जाते. त्या बाईंच्या हातापाया पडून बघते. आणि वहिनी, यापुढे तुमच्या दाराशी येणार नाही मी."

ती गेलीसुद्धा! बसस्टॉपच्या दिशेने जवळजवळ पळतच.

आईने गाडीची किल्ली उचलली. "काल टाकलेल्या पिशव्यांत गेली असेल तर? मी कचरा डेपोवर जाऊन येते. अनुया, धैर्याकडे लक्ष ठेव. आणि याच्याशी," तिने नितीशकडे न बघता बोट केलं, "भांडत बसू नका."

गाडी कोपऱ्यावर वळली मात्र, भांडण सुरू झालं!

"तुझी आई खोटारडी आहे!" नितीश म्हणाला.

"माझ्या आईला खोटारडी म्हणायचं काम नाही!"

"मग काय म्हणू? महान? दुसऱ्याची फाइल हरवायची आणि वर मला चोर ठरवायचं!"

"तू पण ना, नेहमीच असा वागतोस. मग लोकांना वाटणारच!"

हे तोंडातून गेलं आणि अनुयाने जीभ चावली. पण बाण सुटला होता. नितीशने पायाशी पडलेलं रिकामं खोकं असं लाथाडलं, की ते थेट भिंतीवर आपटलं.

"स्टॉप इट!" धैर्यशील किंचाळला. त्याला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं ते इंग्रजी. तो आईच्या खोलीतून धावत आला होता. "यू गाइज, लिसन! आय लुक्ड इन द कपाट. अवर पासपोर्ट्स आर गॉन टू!"

"काय?"

"पासपोर्ट्स! ऑल गॉन. बाबांची डिग्री पण." शेवटचं वाक्य घाईघाईत मराठीत आलं.

दोघं भांडण विसरून आईच्या खोलीत धावले. अनुया खुर्चीवर चढली. कपाटाचा वरचा कप्पा! तिथे साडीच्या दुकानातल्या एका लाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घरातले सगळे महत्त्वाचे कागद असायचे. पासपोर्ट, बाबांची पदवी, जन्माचे दाखले आणि कांचनमावशीची निळी फाइल. कप्पा स्वच्छ रिकामा होता. फक्त कडेला बाबांचं घड्याळ आणि डांबराच्या दोन गोळ्या!

"आई खालूनच फक्त निळी फाइल शोधत होती," अनुया हळूच म्हणाली. "ती दिसली नाही तेव्हा तिला वाटलं, दिली असणार परत. पण आख्खी पिशवीच नाहीये इथे!"

"म्हणजे चोर?"

"चोर पासपोर्ट नेईल आणि शेजारचं घड्याळ ठेवेल?" अनुयाने कप्प्याच्या कडेला ठेवलेलं बाबांचं घड्याळ उचलून दाखवलं. "घरातल्याच कुणीतरी हलवलंय. आई नाही, तिला माहीत असतं तर ती डेपोवर गेली नसती. मी नाही, धैर्या नाही. मग राहिलं कोण?"

नितीशने डोळे बारीक केले. "डॉक्टरकाका!"

"बाबाच! आवरण्याची हौस त्यांनाच आहे!"

धावत जाऊन अनुयाने हॉस्पिटलचा नंबर फिरवला. ऑपरेशन थिएटर, प्लीज! धैर्यशीलने पळत जाऊन वरच्या खोलीतला दुसरा फोन कानाला लावला. थिएटरातल्या नर्सबाईंचा आवाज आला. डॉक्टर आत आहेत, पेशंटला भूल दिली आहे, फोनवर येऊ शकणार नाहीत.

"फक्त एक प्रश्न विचाराल का? पासपोर्टची लाल पिशवी कुठे ठेवली? खूप खूप महत्त्वाचं आहे!"

दोन मिनिटं पलीकडे यंत्रांची टिकटिक ऐकू येत राहिली. मग नर्सबाई परत आल्या. त्यांचा आवाज जरा गोंधळलेला होता.

"बाळा, ते म्हणतात ओव्हनमध्ये. बरोबर ऐकलं ना मी? ओव्हनच्या खाली एक ड्रॉवर आहे म्हणे, फळीसारखा दिसतो. आधी उचलायचा, मग ओढायचा. अग्निशमन दलाच्या पत्रकात लिहिलं होतं की लाकडी घरात कागदपत्रं आग न लागणाऱ्या जागी ठेवा. घरात तेवढी एकच लोखंडी पेटी आहे, असं सांगताहेत. मे महिन्यात ठेवली."



आता हे न्यूझीलंडमधल्या कुणाला सांगून पटणार नाही. पण अनुयाच्या घरात ओव्हनमध्ये कधी कुणी काही भाजलं नव्हतं! भाजायचं काय? पोळ्या तव्यावर, भात कुकरमध्ये, केक दुकानात. वरच्या चार शेगड्यांवर स्वयंपाक, आणि खालच्या ओव्हनमध्ये कढया, झारे, पापडांचा डबा. ओव्हन म्हणजे कपाटच की! त्यामुळे बाबांच्या हिशेबाने त्यापेक्षा सुरक्षित जागा पृथ्वीवर नव्हती.

"बाबांना विचाराल का," अनुया अडखळत म्हणाली, "की तो ओव्हन म्हणजे तोच ना, ज्याच्यावर त्यांनी रविवारी लाल स्टिकर लावला? नवीन येणार म्हणून?"

पुन्हा टिकटिक. या वेळी जास्त वेळ.

"बाळा," नर्सबाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी कपाळाला हात लावलाय, आता हातमोजा बदलावा लागणार!"

फोन ठेवून तिघंही सुसाट बाहेर पळाले. घरापुढच्या गवतावर काल संध्याकाळी दोन माणसांनी जुना ओव्हन आणून ठेवला होता. तिथे मोडकी खुर्ची होती, गादी होती, बिनचाकाची तिचाकी सायकल होती. ओव्हनच्या जागी मात्र दबलेल्या गवताचा चौकोन!

"कौन्सिलचा ट्रक आला?" नितीश ओरडला.

"ट्रक आला असता तर गादी पण नेली असती. दुसऱ्याच कुणीतरी उचललाय."

आता हेही इथलं एक तंत्र. गवतावर ठेवलेलं सामान कौन्सिलच्या आधी कुणीही उचलून न्यावं. सकाळपासून ट्रेलरवाले हळूहळू रस्त्याने फिरतच असतात. त्यातला कोण, कसं कळणार?

"मिसेस हॉजेस," अनुया म्हणाली आणि तिचंच तोंड कडू झालं.

समोरच्या घरातल्या मिसेस हॉजेस! खिडकीशी बसून रस्त्यावर नजर ठेवणं हा त्यांचा पूर्ण वेळाचा उद्योग. अनोळखी गाडी दिसली की वहीत नोंद. मुलांवर तर विशेष डोळा. त्यांच्या बागेत चेंडू गेला, तर तो विसरून जावा.

त्यांनी दार बोटभर उघडलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"अजून आम्ही काही विचारलंच नाही!"

"काहीही विचारलंत तरी नाही. तुमच्या घरापुढचा तो उकिरडा बघितलात? सगळ्या रस्त्याची शोभा घालवलीत. जा इथून!"

दार लागलंच होतं. तेवढ्यात नितीश मोठ्याने, अगदी ऐकू जाईल असा, म्हणाला, "चल अनुया. मी म्हटलं नव्हतं? यांना काय माहीत असणार! सकाळी झोपलेल्या असतील. एवढा मोठा ओव्हन डोळ्यांसमोरून गेला, पत्ता नाही!"

दार खाडकन पूर्ण उघडलं.

"झोपलेली? मी?" मिसेस हॉजेसच्या हातात वही होती! "आठ वाजून दहा मिनिटं. निळी गाडी, मागे ट्रेलर, डावा दिवा फुटलेला. एक जाडा माणूस, एक कुत्रा. दारावर लिहिलेलं, 'डेस, जुनं सामान, फ्रँकटन'. आणि तू, उद्धट मुला, मी रोज पाचला उठते!"

"थँक यू, मिसेस हॉजेस!" तिघं एका सुरात ओरडले आणि फाटकाबाहेर धूम! त्या मागून काय काय बोलत होत्या ते ऐकायला कुणी थांबलंच नाही.

"तुझ्या डोक्यात हे आलं कुठून?" अनुयाने सायकल काढता काढता विचारलं.

"तुझ्या आईकडून शिकलो," नितीश तुटकपणे म्हणाला. "चूक काढली की माणूस तोंड उघडतोच."

अनुया परत घरात धावली. तिने आईसाठी फ्रीजवर चिठ्ठी लावली: 'कागद ओव्हनमध्ये. ओव्हन फ्रँकटनला. आम्ही आणतो. तीन वाजता हॉस्पिटलात ये.' मग हेल्मेटचे पट्टे आवळले. यंदाच हेल्मेटचा कायदा आला होता आणि धैर्यशीलचं हेल्मेट एवढं मोठं होतं, की समोरून नुसती हनुवटी दिसायची. फ्रँकटन म्हणजे शहराचा नदीपलीकडचा भाग; वायकाटो नदीवरचा पूल ओलांडला तेव्हा बोचरा वारा तोंडावर सपासप लागत होता. सव्वा वाजला होता. अनुयाच्या डोळ्यांसमोर सारखी कांचनमावशी येत होती, कुठल्याशा दाराबाहेर रिकाम्या हाताने बसलेली.

डेसचं दुकान म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. बाहेर बाथटब, पलंग, कपडे धुण्याची यंत्रं. साखळीला बांधलेला कुत्रा मुलांना बघताच भुंकायला लागला. आत जाडा डेस एका बाईंशी बोलत होता. बाईंच्या कडेवर गुबगुबीत बाळ होतं. आणि त्यांच्यापुढे... तोच! कडेला हळदीचा पिवळा डाग, अगदी वर लाल स्टिकर!

"इतका स्वच्छ ओव्हन शोधून सापडणार नाही, मेरे," डेस त्या मेरे नावाच्या बाईंना सांगत होता. "आतून बघ. कुणी वापरलाच नाहीये! एक वास येतोय कसला तरी, पण तो जाईल."

हिंगाचा वास, अनुया मनात म्हणाली.

"चालतो का पण?" मेरेबाईंनी विचारलं.

"चालतो का? हे बघ, लावूनच दाखवतो. दोनशेवर!" डेसने जाड वायर जोडली आणि बटण फिरवलं. तांबडा दिवा लागला.

ओव्हन तापतोय! आणि खाली ड्रॉवरमध्ये...

"बंद करा!" ती किंचाळली. "बंद करा आधी!"

डेस गर्रकन वळला. "ए! कोण रे तुम्ही? चला, बाहेर व्हा!"

"तो ओव्हन आमचा आहे!" धैर्यशील ओरडला.

"होता, पोरा. गवतावर ठेवला की ज्याने उचलला त्याचा. ओव्हन, ओव्हनच्या आत जे असेल ते, सगळं माझं. हाच इथला नियम!" मग त्याचे डोळे लकाकले. "का रे? आत काही आहे का?"

अनुया "हो" म्हणणारच होती, पण नितीशने तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात!

"सांगितलंस तर ठेवून घेईल," तो मराठीत पुटपुटला. "बघ त्याचं तोंड."

खरं होतं. दिवा तांबडाच होता. आतून पत्रा टिकटिकायला लागला होता. विचार कर, अनुया, विचार कर! वर्षानुवर्षं हा ओव्हन घरात होता आणि आईला कळलं नव्हतं की खाली ड्रॉवर आहे. मग या माणसाला तरी सकाळपासून कुठून कळलं असणार?

"आत काही नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही यांना पूर्ण सांगितलंच नाही. खालच्या ड्रॉवरचं काय?"

"कसला ड्रॉवर?"

"खाली ड्रॉवर आहे. तो उघडून दाखवा ना."

मेरेबाईंनी खाली वाकून बघितलं. "ड्रॉवर आहे, डेस? तू बोलला नाहीस."

"ड्रॉवर-बिवर काही नाही! साधी पट्टी आहे ती," डेस हसला. "वीस वर्षं ओव्हन विकतोय मी. ही पोरं मला शिकवणार?"

"लागली पैज?" अनुया म्हणाली. तिचा आवाज खणखणीत निघाला. "ड्रॉवर नसेल, तर आम्ही तिघं उरलेली सुट्टीभर रोज तुमचं अंगण झाडू. असेल, तर ड्रॉवरच्या आत जे असेल ते आमचं. ओव्हन तुमचाच. या मावशी साक्षीदार!"

डेसने अंगणाकडे बघितलं. तिथे गेल्या दहा वर्षांचा चिखल होता. त्याने पोट धरून हसत हात पुढे केला. "लागली! मेरे, ऐकलंस ना? झाडू तिकडे कोपऱ्यात आहेत, पोरांनो!"

"ऐकलं," मेरेबाई म्हणाल्या. "आणि आधी तो ओव्हन बंद कर, मुलांचे हात भाजतील."

बटण बंद झालं. अनुया गुडघ्यांवर बसली, पट्टीच्या कडेत बोटं घातली आणि ओढली. ती ढिम्म हलेना! पत्रा गरम होता. पुन्हा ओढली. काही नाही! डेस आता मांडीवर थापा मारून हसत होता. अनुयाच्या डोळ्यांत पाणी आलं. फोनवर काय म्हणाल्या होत्या त्या नर्सबाई? काय बरं?

"लिफ्ट!" हेल्मेटखालून आवाज आला. "लिफ्ट फर्स्ट, देन पुल! मी ऐकलं फोनवर!"

नितीशने खाली बसकण मारली. दोघांनी मिळून पट्टी वर उचलली आणि ओढली. कर्र कर्र करत आख्खा ड्रॉवर बाहेर आला!

आत लाल पिशवी. दुसरं काही नाही.

डेसचं हसू थांबलं. त्याचा हात पिशवीकडे गेला. पण मेरेबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. बाळासकट!

"पैज ती पैज, डेस."

"पण आत काय आहे ते तरी..."

"तुझ्या मालाला ड्रॉवर आहे हेच तुला माहीत नाही. मग आतलं तुझं कसं?"

पिशवी कोमट होती आणि एका कोपऱ्याला प्लॅस्टिक वितळून चिकटलं होतं. नितीशने ती उघडली. पासपोर्ट, दाखले, आणि निळी फाइल! पहिल्याच पानावर त्याच्या आईचा तरुणपणचा फोटो, डोक्यावर पांढरी टोपी. फाइलची कड वाकली होती, कागद मात्र जसेच्या तसे. नितीशने फाइल छातीशी धरली आणि पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. अनुया मेरेबाईंकडे वळली.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"दोन वीस," मेरेबाई म्हणाल्या. "कुठे जायचंय?"

"हॉस्पिटल!"

"पळा मग! आणि डेस, आता किमतीचं बोलू या. न माहीत असलेला ड्रॉवर तू मला फुकट देणार आहेस."

मुलांनी सायकली अशा दामटल्या, की तळ्याजवळच्या चढावर धैर्यशीलला खाली उतरून ढकलत न्यावी लागली. नितीशने एका हाताने स्वतःची आणि दुसऱ्या हाताने त्याची सायकल ओढली. हॉस्पिटलच्या दारात ते पोचले तेव्हा घड्याळात तीनला सहा कमी होते.

कांचनमावशी लांब बोळात बाकावर बसली होती. शेजारचं दार उघडून एक उंच, करड्या केसांच्या बाई तिला सांगत होत्या, "मला वाईट वाटतं, पण मूळ कागद नसतील तर माझा नाइलाज..."

"आई!"

बोळात सायकलचं हेल्मेट घालून धावणारा मुलगा बघून दोन डॉक्टर भिंतीला चिकटले. नितीशने फाइल आईच्या मांडीवर ठेवली. त्याला नुसती धाप लागली होती.

कांचनमावशीने फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग उभी राहिली, डगला नीट केला आणि त्या उंच बाईंच्या मागे आत गेली. दार बंद झालं.

वीस मिनिटं! मधेच आई धावत आली, पायात डेपोवरचा चिखल, हातात फ्रीजवरची चिठ्ठी. पाठोपाठ हिरव्या टोपीतले बाबा आले. आईने त्यांच्याकडे असं बघितलं, की ते भिंतीवरची सूचना वाचायला लागले.

दार उघडलं. उंच बाई बाहेर आल्या आणि मुलांकडे बघून म्हणाल्या, "ही फाइल कुठून आली ते यांनाही सांगता येईना, आणि तिला एक विचित्र वास येतोय. कसला वास आहे कोण जाणे! पण कागद उत्तम आहेत. शाबास तुमची! सिस्टर कांचन, अभिनंदन. पुढच्या आठवड्यात पत्र येईल."

सिस्टर! तीन वर्षांनी कुणीतरी तिला सिस्टर म्हटलं होतं. कांचनमावशीने पदर नसताना पदराने डोळे पुसावेत तसे डगल्याच्या बाहीने पुसले.

"अगं बाई, कमाल केलीत पोरांनो!" आई पुढे झाली. "केवढी हुशार आहात! आणि नितीश, तू तर..."

"शाबासकी नको मला," नितीश म्हणाला. बोळात आवाज घुमला. "सकाळी म्हणालात ते परत घ्या, काकू. सगळ्यांसमोर म्हणालात. सगळ्यांसमोर परत घ्या."

"नितीश!" बाबा दचकून म्हणाले.

"बरोबर बोलतोय तो," अनुया म्हणाली. "आणि मी पण तसंच म्हणाले होते. चुकलं माझं. सॉरी, नितीश."

आईने चिखलाचे हात पुसले आणि नितीशच्या समोर येऊन उभी राहिली.

"मी तुला चोर म्हटलं," ती म्हणाली. "माझी चूक झाकायला म्हटलं. तू माझी ब्लँकेटं उचलत होतास, दुसरं काही करत नव्हतास. मी ते परत घेते. माफ कर मला. कांचन, तूही."

कांचनमावशीने फाइल काखेत घट्ट धरली.

"वहिनी, आज नाही," ती म्हणाली. "आज मी रागात आहे, खोटं कशाला बोलू? आज मी माझ्या मुलाला घेऊन बाहेर जेवायला जाणार आहे. उद्या येईन. तेव्हा बोलू."

आईने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

"आणि डॉक्टर," मावशी बाबांकडे वळली, "तुमच्या हाताखाली कधी ड्यूटी लागली ना, तर प्रत्येक बोळा मी मोजणार आहे."

बाबा कसनुसं हसले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

मायलेक बोळाच्या टोकापर्यंत पोचले. तिथे नितीश थांबला, वळला आणि सगळं हॉस्पिटल ऐकेल अशा आवाजात ओरडला, "अनुया! उद्या मी पण येतोय! मी येईपर्यंत घरातलं काही फेकू देऊ नकोस कुणाला!"

"नाही देत!" अनुया तेवढ्याच जोरात ओरडली.